भट्टीवरचा नमुना

माझ्या हाताखालून गेलेल्या काचेखाली या राज्यातली लाखभर तान्ही बाळं निजली असतील. ही बढाई मी सहा वर्षं मारत होते. लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत, कोणी विचारो न विचारो. आसरवाडीतल्या बायका मला लांबून बघून वाट बदलायच्या, इतकी मी त्या काचेबद्दल बोलायचे. उज्ज्वला ताथोड आली म्हणजे काच आली, असं आमच्या गावात म्हणत.

ती काच काय आहे ते आधी सांगते. ते कळल्याशिवाय मी काय करून ठेवलं ते कळणार नाही.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला बऱ्याचदा कावीळ होते. मोठ्या माणसांची कावीळ वेगळी, ही वेगळी. बाळाच्या जुन्या रक्तपेशी फुटतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं, आणि कोवळ्या यकृताला ते निपटता येत नाही. बहुतेकांचं आठवड्याभरात आपोआप उतरतं. ज्यांचं वाढत जातं, त्यांच्या मेंदूत ते शिरतं, आणि एकदा शिरलं की झालेलं नुकसान भरून येत नाही. त्यावर औषध म्हणजे निळा प्रकाश. तो कातडीवर पडला की बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते शरीराबाहेर पडतं. त्यासाठी दवाखान्यात निळे दिवे असतात. पण आमच्याकडे आता एप्रिलमध्येच पारा पन्नासला टेकतो आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा खेड्यांची वीज बंद असते. दिवा लावणार कशावर?

उन्हात निळा प्रकाश भरपूर असतो. पूर्वी बाळाला कोवळ्या उन्हात धरायचे ते उगाच नाही. पण आता ऊन कोवळं राहिलंय कुठे? त्यात बाळ होरपळून निघेल. म्हणून ही काच. तिचा बाहेरचा थर उष्णता परतवतो. आतल्या बाजूला अर्धवाहकाचा एक पातळ थर असतो, जस्त, गंधक आणि प्राणवायू यांचा, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. प्रत्येक अर्धवाहकाची एक सीमा असते. तिच्याहून जास्त ऊर्जेचा प्रकाश तो गिळतो, कमी ऊर्जेचा सोडून देतो. आमच्या थराची सीमा जांभळ्या आणि निळ्या प्रकाशाच्या बरोबर मधे होती. अतिनील गिळायचा, जांभळा गिळायचा, निळा आत सोडायचा. लोक तिला कोवळी काच म्हणायला लागले आणि मग सरकारी कागदांवरही तेच नाव आलं.

ही सीमा आमच्या कारखान्यातली भट्टी ठरवते. काचेवर थर नुसता चढवला तर त्यातले कण विस्कटलेले असतात. चारशे वीस अंशांवर चाळीस मिनिटं भाजला की कण मोठे होतात, नीट लागतात, थोडा गंधक उडून जातो आणि त्याच्या जागी हवेतला प्राणवायू बसतो. भाकरीसारखंच आहे, कच्ची राहिली तर उपयोग नाही आणि जळली तरी नाही. उष्णता जास्त लागली की सीमा निळ्यात घुसते. काच पिवळसर होते, निळा प्रकाश अडतो, आणि मग ती साधी सावली देणारी काच उरते. भाजायचं काम माझं होतं.

बरोबर भाजली की नाही हे ठरवायला एक नमुना होता. ज्या संस्थेने हा थर शोधला तिथून तळहाताएवढे दोन तुकडे आले होते. एक रोजच्या वापरासाठी, थंड कपाटात काळ्या डब्यात ठेवायचा. दुसरा स्टोअरमध्ये सीलबंद. रोज सकाळी मापनयंत्राला पहिला तुकडा दाखवायचा. यंत्र त्यालाच बरोबर मानायचं आणि दिवसभराचा माल त्याच्याशी ताडून बघायचं.

पहिल्या वर्षी खंडेनवमी आली. सगळे कामगार आपापल्या हत्यारांची पूजा करतात. आमचं हत्यार कोणतं? भट्टी आणि तो नमुना. मीच डब्यातून तो काढला, त्याच्या चौकटीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि भट्टीच्या माथ्यावरच्या कोनाड्यात उभा केला. पूजा केलेली वस्तू दुसऱ्या दिवशी उचलून परत डब्यात कोंबायची, हे आमच्यापैकी कोणालाच बरं वाटेना. शिवाय रोज सकाळी लागायचाच, हाताशी होता ते सोयीचं होतं. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, ‘नमुना भट्टीवर हलवला’, आणि खाली झोकात सही केली. तो तिथेच राहिला. भट्टीच्या माथ्याला शंभर अंशांचा शेक असतो, दिवसरात्र, आणि आमची भट्टी वर्षातून चार दिवससुद्धा विझत नाही.

मला कळायला हवं होतं. चारशे वीसवर सुरू झालेली भट्टी दुसऱ्या वर्षी चारशे सव्वीसवर गेली, चौथ्या वर्षी चारशे एकोणचाळीसवर. यंत्र म्हणायचं माल जुळत नाही, मी दोन अंश वाढवायचे, की जुळायचा. मला वाटलं, माझ्या गुडघ्यांसारखी भट्टीही थकली आहे. नमुनाच रोज थोडा थोडा भाजत होता आणि आम्ही सगळा माल त्याच्या मागे नेत होतो, हे डोक्यात आलं नाही. देवावर कोण संशय घेतं? एकदा एका केंद्रातून काच परत आली होती, ‘पिवळी दिसते’ अशी चिठ्ठी लावून. मी ती नमुन्याशेजारी धरली. दोन्ही सारख्या. ‘जुळते’ असा शेरा मारून मी ती परत पाठवली, आणि वर त्या सिस्टरला डोळे तपासायला सांगा असं हसून म्हणाले.

माझी मुलगी सानिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दोन मेला आसरवाडीच्याच आरोग्य केंद्रात तिला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी पूनम सिस्टरने बाळाच्या नाकावर बोट दाबून कातडीचा रंग पाहिला आणि म्हणाली, “थोडी कावीळ हाये. दोन दिवस काचेखाली ठेवू.”

जावयाचा पुण्याहून फोन आला, अकोल्याला मोठ्या दवाखान्यात न्या, तिथे जनरेटरवर दिवे चालतात. मला राग आला. मी फोनवरच सुनावलं, “अख्ख्या राज्याची लेकरं माह्या काचेखाली निजतात, आन माही नात दिव्याखाली ठेवू काय? लोकं तोंडात शेन घालतीन.”

जावई भला माणूस, गप्प बसला. सानिका म्हणाली, “आई म्हणते तसं करू.” हे तिचं वाक्य मला आजही झोपू देत नाही.

केंद्रातली ती खोली मला फार आवडायची. दक्षिणेला तिरकी मोठी खिडकी, तिच्याखाली पाळणा, आणि आत मऊ पिवळं ऊन. बाळाला फक्त लंगोट आणि डोळ्यांवर पट्टी. सानिका पलंगावर, शेजारी मी आणि अमरावतीहून आलेल्या विहीणबाई. आमचं दोघींचं बरं जमायचं, म्हणजे दोघीही एकमेकींना टोचून बोलायचो आणि चहा मात्र एकत्र प्यायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई पाळण्यावर वाकल्या आणि तशाच राहिल्या. “विहीणबाई,” त्या मला म्हणाल्या, “पोरगी जास्तच पिवळी दिसून राह्यली मले.”

“अठी सगळेच पिवळे दिसतात,” मी म्हणाले. “तुमचा हात पाहा न. तुमाले झाली काय कावीळ?”

त्यांनी हात काचेखाली धरला. तोही पिवळा. त्या हसल्या, मीही हसले. सिस्टरने मोबाइल आणून बाळाच्या छातीचा फोटो घेतला. शेजारी पांढरं कार्ड ठेवायचं, म्हणजे खोलीतल्या उजेडाचा रंग वजा करून ॲप कातडीचा खरा रंग सांगतं. हिरवी खूण आली. “कमी होऊन राह्यलं,” सिस्टर म्हणाली. रक्त तपासायला पाठवायचं ते ॲपने लाल खूण दिली तरच, असा नियम आहे.

दुपारी बाळाने दूध ओढणं सोडलं. सानिका छातीशी घ्यायची, गालावर बोट टेकवायची, पण तोंड उघडेना. मी म्हणाले, उन्हाने सुस्ती आली असेल. तीनच्या सुमारास ती रडली आणि तो आवाज ऐकून मी उभी राहिले. बारीक, चिरका, एका पट्टीतला आवाज. रडताना तिची मान मागे वळली आणि पाठ धनुष्यासारखी ताणली गेली.

“आई, हे काय करते ही?” सानिका ओरडली.

विहीणबाईंनी माझी वाट पाहिली नाही. “मी नेतो हिले भायेर,” म्हणून त्यांनी बाळ उचललं आणि व्हरांड्यात गेल्या. मी मागे धावले.

बाहेर पत्र्याच्या सावलीत साधा उजेड होता. विहीणबाईंचा हात सावळा, माझा गव्हाळ, लंगोट पांढराशुभ्र. आणि त्यात बाळ. कपाळापासून तळपायापर्यंत पिवळं, पिकल्या आंब्यासारखं पिवळं. डोळ्यांवरची पट्टी मी सरकवली तर बुबुळांभोवतीही तोच रंग. विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या.

पूनम सिस्टरने तिथेच कार्ड ठेवून पुन्हा फोटो घेतला. ॲप लाल झालं. आकडा सत्तावीस. पंचवीसच्या वर मेंदूला धोका असतो, हे त्या काचेच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे, मला पाठ आहे.

अकोल्याला जाताना गाडीत मला ते उलगडलं. बिलिरुबिन निळा प्रकाश गिळतं, म्हणून कातडी पिवळी दिसते. ॲप हेच मोजतं, कातडीकडून निळा परत किती येतो. पण खिडकीतून निळा आत येतच नसेल, तर कातडीने तो गिळला की नाही हे कळणार कसं? निरोगी बाळ आणि आजारी बाळ त्या उजेडात सारखंच दिसणार. कार्डाचा उपयोग नाही, कारण जे मुळात नाही त्यातून काय वजा करणार? म्हणजे माझ्या काचेने इलाज तर केला नाहीच, आजारही झाकून ठेवला.

अकोल्याच्या दवाखान्यात त्यांनी बाळाचं रक्त बदललं. थोडं थोडं काढायचं, थोडं थोडं घालायचं, असं अंगातलं सगळं रक्त दोनदा बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा अकरावर आला होता. डॉक्टर तरुण होत्या, त्यांनी गोड बोलून काही लपवलं नाही. “जीव वाचला आहे. ऐकू येतं का, हातपाय नीट चालतील का, हे आत्ता सांगता येणार नाही. असं किती तास होतं, यावर ते अवलंबून आहे.”

मी तिथून थेट कारखान्यात गेले. स्टोअरमध्ये जाऊन दुसऱ्या नमुन्याचं सील तोडलं. त्यासाठी तीन सह्या लागतात, मी एकही घेतली नाही. भट्टीवरचा तुकडा खाली आणला, मापाच्या खोलीत दोन्ही पांढऱ्या कागदावर ठेवले. स्टोअरमधला पाण्यासारखा स्वच्छ होता. भट्टीवरचा, ज्याला मी दर खंडेनवमीला माळ घालत आले, तो लिंबाच्या सरबतासारखा पिवळा होता. यंत्राला स्टोअरमधला दाखवला आणि मग गेल्या आठवड्याचा माल त्याच्यापुढे धरला. निळ्यातला जेमतेम दहावा हिस्सा आत जात होता.

सबनीस साहेब, आमचे मॅनेजर, आले आणि त्यांनी दोन्ही तुकडे पाहिले. माणूस वाईट नाही. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी दार लावून घेतलं.

“आजपासून भट्टी बंद,” ते म्हणाले. “पुढचा माल नव्या नमुन्याने. बसवलेल्या काचा आपण टप्प्याटप्प्याने बदलू. नेहमीची देखभाल म्हणून.”

“किती दिवसांत?”

“ताथोड बाई, अकराशे चाळीस केंद्रं आहेत. वर्ष तरी जाईल.”

“आन तोवर तठी जी लेकरं निजतीन?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “आधी प्रयोगशाळेचा अहवाल येऊ द्या. तीन आठवडे. तोपर्यंत बाहेर एक शब्द गेला तर घबराट होईल, लोक चांगल्या काचाही फोडतील. आणि तुम्ही तुमचाही विचार करा. नमुना भट्टीवर कोणी हलवला, रजिस्टरमध्ये सही कोणाची आहे, ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या मुलीच्या घरच्यांना काय सांगणार आहात?”

खरं सांगते, मी घाबरले. नोकरीला नाही घाबरले, सानिकाला घाबरले. साहेबांचं ऐकलं असतं तर तिला कधीच कळलं नसतं. काच खराब निघाली, कारखान्याची चूक, असं म्हणून मीही तिच्याबरोबर रडले असते आणि तिची आई राहिले असते. दवाखान्यात परत येताना रिक्षात मी हे वाक्य जुळवूनही पाहिलं. नीट जुळत होतं.

आरोग्य खात्याच्या मदत क्रमांकावर मी फोन केला. तक्रार नोंदवली गेली, सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळेल, सोबत उत्पादकाचं पत्र जोडावं, असं एका यंत्राने मला सांगितलं.

वॉर्डात सानिका बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ओळीने आठ बाळं होती. मी दारात पोचले आणि पलीकडे आयाच्या हातून स्टीलचा ट्रे खाली पडला. फरशीवर मोठा आवाज झाला. बाकीची सातही बाळं दचकून रडायला लागली. आमचं बाळ तसंच पडून होतं, डोळे उघडे, छताकडे बघत. सानिकाने ते पाहिलं. मी पाहिलं तेही तिने पाहिलं.

तेव्हा मला खोटं बोलता आलं नाही. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. खंडेनवमी, कोनाडा, भट्टीचे वाढत गेलेले अंश, परत आलेली काच, माझा शेरा. साहेब काय म्हणाले तेही. विहीणबाई खिडकीशी उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

सानिका बराच वेळ बाळाचं कानावरचं जावळ मागे सारत राहिली. मग म्हणाली, “ती काच परत आली होती, तवा तुले काहीच वाटलं नाही?”

“वाटलं असतं तर...”

“नाही, मले खरं सांग.”

“वाटलं होतं,” मी म्हणाले. “एक घडी वाटलं होतं. मंग मले वाटलं, माही काच खराब कशी असन.”

तिने मान हलवली. रडली नाही. रडली असती तर मला जवळ जाता आलं असतं. “आता तिकडं किती लेकरं हायेत त्या काचेखाली? आत्ता, या घडीले?”

“माहीत नाही. केंद्रं अकराशे चाळीस. खोक्यावर पत्ते मीच लावतो, सिस्टरचे नंबर माह्या फोनमधी हायेत.”

“मंग अठी काहून बसली तू?” ती म्हणाली. “माह्याशी बोलू नको. मले काहीच सांगू नको आता. फोन लाव.”

माझ्याकडून नंबर लागेना. विहीणबाई पुढे आल्या, माझ्या हातातून फोन घेऊन त्यांनी यादी उघडली आणि सानिकाच्या पुढ्यात धरली. सानिकाने पहिला नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून माझ्या मांडीवर ठेवला. बुलढाण्याकडचं एक केंद्र. दुपारचे बारा वाजले होते, बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणजे काचेखाली पाळणे भरलेले असणार.

एका सिस्टरने वैतागून फोन उचलला. मी नाव सांगितलं, कारखान्याचं नाव सांगितलं. आज काचेखाली किती बाळं आहेत, विचारलं.

“तीन हायेत. काहून?”

“त्याइले आत्ताच्या आत्ता व्हरांड्यात न्या. सावलीत, साध्या उजेडात. आन पाहा.”

“अवो बाई, तिघायचंबी ॲप हिरवं हाये सकाळपासून. काच एकदम चांगली हाये तुमची, आमी तं सगळ्याइले सांगतो.”

“माही काच खराब हाये,” मी म्हणाले. “मी खराब केली. तुमी फक्त बाहेर नेऊन पाहा, मी फोन धरून राहतो.”

तिने फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. कोणाला तरी हाक मारली, पाळण्याच्या कड्या वाजल्या, एक दार करकरत उघडलं. नंतर बराच वेळ काहीच नाही. दूर कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. मग एक बाई मोठ्याने ओरडली, आई असावी, आणि कोणीतरी पळत आलं.

“बाई,” सिस्टरचा आवाज बसला होता, “तिघंही.”

गाडी बोलवा, दिवे असलेल्या दवाखान्यात न्या, एक मिनिट घालवू नका, असं मी सांगितलं, की सानिकाने सांगितलं, मला आठवत नाही. फोन बंद झाला. सानिकाने माझ्याकडे बघितलं नाही. बाळाला तिने दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि पुढचा नंबर लावला.